घुमट, क्रूस आणि खतावणी: सुरतेच्या दफनभूमीतल्या कामाची नोंदवही

४ जानेवारी

काम सुरू. सुरतेच्या जुन्या इंग्रज आणि डच दफनभूमीतल्या चिन्हांची मराठीत नोंद करायची आणि शेवटी चार पानांचं माहितीपत्रक काढायचं. ह्या शहरात मराठी माणसं काही थोडीथोडकी नाहीत. उधना, लिंबायतपासून पांडेसऱ्यापर्यंत निम्मं खानदेश इथे येऊन राहिलंय, आमचं घरही त्यातलंच. पण सुरत म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, आणि ती लुटून झाल्यावर आपण लगेच राजगडाकडे वळतो. मागे राहिलेल्या माणसांकडे कोणी बघत नाही.

आज घरी बसून चिन्हांचा तक्ता केला. ३१ ओळी. तुटका खांब म्हणजे अकाली मरण. उलटी मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. कोकरू म्हणजे लहान मूल. वाळूचं घड्याळ, कवटी आणि हाडं, म्हणजे वेळ संपत आली. कपडा टाकलेला कलश, हातात हात, पानांचं वर्तुळ. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने: क्रमांक, जागा, चिन्ह, अर्थ. उद्यापरवा जाऊन फक्त खुणा करायच्या, असा माझा सोपा हिशेब.

६ जानेवारी

तारीख मुद्दाम निवडली. इंग्रजांच्या त्या काळच्या पंचांगाप्रमाणे १६६४ साली ६ जानेवारीलाच महाराज सुरतेत शिरले आणि १० तारखेला परत निघाले. मुघल सुभेदार किल्ल्यात दडून बसला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख मात्र बाहेर उभा राहिला, माणसं आणि तोफा जमवून त्यानं वखार राखली. तो जॉर्ज ऑक्सिंडेन. आज त्याच्याच दारात सकाळी साडेआठला आम्ही तिघं: मी, मोजमापाला आलेली एक विद्यार्थिनी आणि टेपचं दुसरं टोक धरायला तिचा भाऊ.

कतारगाम दरवाजाच्या बाजूला, रस्त्याच्या गर्दीत, भिंतीआड ही जागा आहे. आत पाऊल टाकलं आणि विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ही तर मशीद." तिला हसले, पण पहिल्या दिवसाचं सगळ्यात अचूक निरीक्षण तिचंच. समोर घुमट आहेत. कमानी, कोपऱ्यांवर मनोऱ्यांसारखे सुळके, चुन्याचा गिलावा, कळीसारखे शेंडे. शहरात ख्वाजा सफर सुलेमानीचा सोळाव्या शतकातला मकबरा आहे, त्याच घराण्यातली ही वास्तू वाटते. क्रूस डोळ्यांत भरत नाही, देवदूत तर कुठेच नाही.

ऑक्सिंडेन बंधूंची वास्तू सगळ्यांत मोठी. ख्रिस्तोफर १६५९ साली एप्रिलमध्ये वारला, जॉर्ज १६६९ च्या जुलैत. आधी एकाचं थडगं, मग दहा वर्षांनी दुसऱ्याची भव्य वास्तू, आणि दोघं आता एकत्रच. जुन्या गॅझेटियरमध्ये उंची ४० फूट आणि व्यास २५ फूट दिलाय. दोन मजले, एकावर एक दोन घुमट, भोवती सज्जा, वर जायला जिना.

खालून वर बघत राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. वरचा घुमट भरीव नाही. नुसता सांगाडा आहे, आणि त्याच्या कमानी मध्यावर एकमेकींना छेदतात. म्हणजे घुमटाचाच क्रूस केलाय! रस्त्यावरून जाणाऱ्याला घुमट दिसतो. आत येऊन मान मागे टाकणाऱ्याला आकाशावर क्रूस दिसतो. मान दुखेपर्यंत बघत होते.

तक्त्यात ह्याला ओळ नाही.

९ जानेवारी

तीन दिवसांत ३१ पैकी २ खुणा. तुटका खांब नाही, उलटी मशाल नाही, कोकरू नाही. पहिली प्रतिक्रिया म्हणजे जागाच चुकली की काय. मग डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचीच लाज वाटली. माझा तक्ता बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि एकोणिसाव्या शतकातला. रोमन-ग्रीक आकारांचं वेड युरोपात पसरलं त्यानंतरचा. ऑक्सिंडेन त्याच्या शंभर वर्षं आधी मेला. शंभर वर्षांनी येणारी फॅशन मी त्याच्या अंगावर शोधत होते. पेशवाईतली पगडी शिवकाळातल्या डोक्यावर चढवणाऱ्या सिरियलवाल्यांना मी नावं ठेवते, आणि करत होते तेच.

तक्ता फेकला नाही. बाजूला ठेवला.

१५ जानेवारी

काल उत्तरायण. सुरतेत त्या दिवशी काम होतच नाही, सगळं शहर गच्चीवर. आज गेलो तर सुळक्यांना पतंग लटकलेले, घुमटाभोवती मांजा. एका कमानीत अडकलेला मांजा विद्यार्थिनीनं ओढला आणि बोट कापून घेतलं. हळद आणली चौकीदारकाकांनी, त्यांच्या टपरीवजा खोलीतून. त्यांचं म्हणणं, "बेन, अहीं तो पतंगनुं पण कब्रस्तान छे." दोन दिवस मोजमाप बंद.

रिकाम्या वेळात जॉर्जच्या शिळेवरचा लॅटिन मजकूर छायाचित्रावरून लावत बसले. त्यात तो हिंदुस्थान, इराण आणि अरबस्तानातल्या इंग्रजांचा प्रमुख आणि मुंबई बेटाचा गव्हर्नर आहे. मुंबईचा! इंग्लंडच्या राजानं हे बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिलं आणि कंपनीतर्फे पहिला गव्हर्नर झाला तो हाच. म्हणजे मुंबईचा पहिला कंपनी-गव्हर्नर सुरतेत, घुमटाखाली निजलाय. मुंबई वसवण्याचं श्रेय ज्याला देतात तो जेराल्ड ऑन्जियरही १६७७ साली सुरतेतच वारला. मुंबई तेव्हा सुरतेची शाखा होती, हे मुंबईकरांना सांगून बघा.

आणखी एक. शाळेत रायगडाच्या राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्सिंडेन पाठ केलाय ना, तो ह्या जॉर्जचा पुतण्या. काकानं १६६४ मध्ये ज्यांच्यापासून वखार राखली, त्यांच्यापुढे दहा वर्षांनी पुतण्या नजराणा घेऊन उभा राहिला. पत्रकात हे घालायचंच. चिन्हांशी संबंध नसला तरी.

२१ जानेवारी

डच बाजू. इथला मोठा घुमट हेन्ड्रिक आड्रियान व्हान रीडचा. डच कंपनीनं त्याला भ्रष्टाचार निपटायला बडा अधिकारी म्हणून पाठवला होता. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना तो जहाजावरच वारला आणि इथे पुरला गेला. उधळपट्टी मोडायला आलेल्या माणसाचं थडगं बघून हसू आवरत नाही. दुहेरी घुमट, खाली-वर सज्जे, देखणे खांब. एके काळी आत भित्तिचित्रं होती, कुळाच्या ढाली, बायबलातली वचनं, आणि खिडक्यांना कोरीव लाकूडकाम. इंग्रजांच्या घुमटापेक्षा आपला उजवा हवा म्हणून हे बांधलं, असं सुरतेत सांगतात. बांधणीकडे बघून ते पटतं.

आता रंग गेलेत. आत उभं राहून एकेक कोनाडा बॅटरीनं तिरकस उजेड टाकून तपासला, कुठे जुन्या रंगाचा ओरखडा दिसतो का म्हणून. समोरून उजेड टाकला तर भिंत सपाट वाटते. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली की गवंड्याच्या थापीचे फटकारे उठून दिसतात, कुठे गवंड्यानं गिलावा डावीकडून उजवीकडे ओढला आणि कुठे उलटा, तेही कळतं. एका जागी तीन बोटांचे ठसे मिळाले. ओल्या चुन्यात टेकलेली तीन बोटं. साहेबांची कुळं-ढाली पुसल्या गेल्या, आणि सुरतेच्या कोणा कारागिराची बोटं राहिली. हे चिन्ह नाही, मान्य. नोंद मात्र केली, क्रमांक ड-१४.

व्हान रीडबद्दल मराठी-कोकणी वाचकाला सांगण्यासारखं आणखी आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा १२ खंडांचा 'हॉर्टस मलाबारिकस' ह्यानं करवून घेतला. १६७८ ते १६९३ मध्ये तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांनी दिलेली कोकणीतली साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापली आहे. सतराव्या शतकात, ॲम्स्टरडॅममध्ये, नागरी!

आणि त्याच्या घुमटाच्या फटीत बोटभर पिंपळ उगवलाय. उपटायचा अधिकार आम्हाला नाही. कळवायचं तिथे कळवलं.

डचांना लागूनच आर्मेनियनांचा भाग. घुमट नाही, मनोरे नाहीत, जमिनीसरशा सपाट शिळा आणि त्यावर त्यांची आकड्यांसारखी वळणदार अक्षरं. इंग्रज-डचांची उंचीची चढाओढ चालली असताना हे लोक मात्र आपलं आपल्या लिपीत आपल्या देवाला सांगून मोकळे झालेले दिसतात. त्यांच्यामागे ना कंपनी ना गव्हर्नर. दाखवायचं कोणाला?

घरी येताना रिक्षात हा शेवटचा प्रश्न वहीत लिहून ठेवला. अजून त्याचा उपयोग कळला नव्हता.

२९ जानेवारी, मुंबई

दुसऱ्या एका कामासाठी आले होते. अर्धा दिवस शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत घालवला. माझा बिचारा तक्ता इथे अक्षरशः फुलून आला. दोन तासांत १९ खुणा! इटालियन संगमरवरातले देवदूत, तुटके खांब, नांगर, कपडा टाकलेले कलश. ही दफनभूमी १८६५ च्या सुमारास म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळातली. तोवर चिन्हं तयार मिळू लागली होती. दगडवाल्याकडे नमुने बघायचे आणि निवडायचं, आपण लग्नपत्रिकेचा गणपती निवडतो तसं. व्ही.टी. स्टेशन बांधणारा फ्रेडरिक स्टीव्हन्स इथेच आहे, १९०० साली वारलेला. कवी डॉम मोराइसही.

कलशाची गंमत वाटते. प्रेत पुरणाऱ्यांच्या थडग्यावर अस्थिकलश कशाला? तर रोमन लोक दहन करून राख कलशात ठेवत. पुढे युरोपाला रोमचं वेड लागलं तेव्हा कलश आला आणि राख मागेच राहिली. त्यावरचा कपडा म्हणजे इहलोक आणि परलोक यांमधला पडदा, असं सांगतात. माझ्या सोबतच्या मावसबहिणीनं तो बघून विचारलं, "ह्यांच्यात पण अस्थी विसर्जन असतं का गं?" तिला तो कलश आपल्या पद्धतीनं, आणि खरं तर मूळ अर्थाला धरून, वाचता आला. नांगर बघून मात्र "नेव्हीतला असेल" म्हणाली. तो शिंपी असता तरी नांगर आला असता. बायबलात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, तो हा.

शिवडीत चिन्ह आणि अर्थ जुळतात, म्हणून काम सोपं. आणि काहीसं कंटाळवाणंही, हे इथे कबूल करते.

५ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार.

ख्रिस्तोफरची शिळा. लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आणताना तीन रात्री गेल्या. मजकुराचा सारांश असा: इथे ख्रिस्तोफर ऑक्सिंडेन ठेवला आहे, जगला तेव्हा सचोटीचा नमुना, मेला तेव्हा आयुष्याच्या क्षणभंगुरतेचा. आला आणि गेला. इथेच त्याचे उद्योग आणि इथेच त्याचं आयुष्य संपलं. त्याला आपल्या हिशेबात दिवसच मांडता आले, वर्षं नाहीत, कारण मरणानं अचानक हिशेब मागितला. धनी हो, विचारता तोटा काय आणि नफा काय? तुमचा चाकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. पण समोरच्या बाजूला तो लिहू शकतो: मरण हाच माझा लाभ.

शेवटचं वाक्य बायबलातलं, संत पौलाच्या पत्रातलं. बाकी सगळी भाषा मात्र वखारीची. देवदूत नको, कवटी नको. ह्या माणसाचं चिन्ह म्हणजे जमाखर्च.

घरी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी रिंगरोडच्या कापड बाजारात ३४ वर्षं नामं, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लिहिलं, लाल वहीपासून कॉम्प्युटरपर्यंत. डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले, "परत वाच. सावकाश." दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चहाच्या बशीजवळ बोटानं टेबलावर उभी रेघ ओढली.

"नावे किती?"

वहीत नावे म्हणजे गेलेलं, जमा म्हणजे आलेलं. मी मोजले. चाकर, सोबती, जीव. तीन.

"जमा?"

"एक. मरण."

"तीन नावे नि एक जमा. मेळ बसस का?" अण्णा गंभीर झाले की अहिराणीवर येतात.

मी म्हटलं, ती एक रक्कम मोठी असेल. धर्माप्रमाणे तर तिघांपेक्षा मोठीच.

"असेल. पण रकमेचं घर कोरं सोडलंय. कच्ची नोंद ही." मग थोडं थांबून, "लिहिणारा मुनीमच. ह्याच्या शेजारच्या गादीवर बसणारा. 'आमचा सोबती' म्हणतोय बघ. बायकोनं लिहिलं असतं तर असं लिहिलं नसतं."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मजकुरात तीन पक्ष आहेत: धनी, आम्ही, तो. धनी म्हणजे कंपनीचे लंडनचे मालक. सोबत्यांनी मालकांना उद्देशून लिहिलेलं हे पत्र आहे, आणि मालक सुरतेला येऊन ते वाचण्याची शक्यता शून्य. वर घुमट सुरतेच्या लोकांना दाखवायला, खाली शिळा लंडनच्या मालकांना ऐकवायला.

झोपायच्या आधी अण्णा दारात येऊन म्हणाले, "आपल्या वहीत जमा डाव्या बाजूला असतो. साहेबाच्या वहीत उजव्या. भाषांतर करताना बाजू बदलू नको." म्हणून मी "समोरच्या बाजूला" ठेवलं. डावी-उजवी केली नाही.

८ फेब्रुवारी

तक्त्यात पाचवा रकाना वाढवला: कोणी बघावं म्हणून? आतापर्यंत 'अर्थ' हा एकच रकाना मला अडवत होता. ऑक्सिंडेनच्या घुमटाचा 'अर्थ' लिहायला बसले की पेन थांबायचं. स्वर्ग? ख्रिस्ती माणसाचा स्वर्ग मुघल घुमटात कसा मावेल? पण कोणी बघावं म्हणून, असं विचारलं की झरझर उत्तर येतं. मुघल सुरतेत मोठा माणूस मेला की त्यावर घुमट बांधतात. आमचाही मोठा होता. हे सुभेदारानं बघावं, सावकारांनी बघावं, डचांनी तर जरूर बघावं. १६६४ मध्ये ज्यानं वखार राखली त्याच्या कंपनीशी व्यवहार करताना बाजारानं हे लक्षात ठेवावं.

ह्याच सुमाराची दुसरी टोकाची गोष्ट आपल्या खुलताबादला आहे. औरंगजेब १७०७ मध्ये गेला, आणि त्याची कबर उघड्या आकाशाखाली, वर माती आणि सब्जा. संगमरवरी जाळी तर पार विसाव्या शतकातली. बादशहाला घुमट नको होता. त्याच्या राज्यात परवान्यावर व्यापार करणाऱ्या परदेशी अडत्यांना दोन-दोन घुमट हवे होते. ज्याला सगळे ओळखतात त्याला उंचीची गरज नसते, एवढाच मला ह्याचा अर्थ लागतो. औरंगजेबाची धार्मिक कारणं वेगळी होती, तेही खरं.

तापीच्या मुखाशी व्हॉक्सचं थडगं म्हणून एक खूण जुन्या सागरी नकाशांत आहे. १६९७ साली बुडून मेलेल्या इंग्रजाचं. खलाशी ते बघून जहाजाची दिशा धरत. पाचव्या रकान्यात लिहिलं: खलाशी. एवढं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्याच ओळीला मिळालं नाही.

१२ फेब्रुवारी

विद्यार्थिनी सौराष्ट्रातली. तिनं गावचे पाळिये, म्हणजे वीरांचे स्मृतिदगड, दाखवले, फोनवर. घोड्यावरचा वीर, हातात भाला, वर सूर्य आणि चंद्र. मी तिला आपले वीरगळ दाखवले. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेल्या गाई सोडवताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय, शेंड्याला कलश. बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ह्याची कीर्ती. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरली आहे. सतीचा दगड असेल तर कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या. पाळियांतही तोच हात. आम्ही दोघी पंधरा मिनिटं नुसते हात जुळवत बसलो.

ती म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे मेलेला माणूस काय करताना मेला ते दाखवतात. इथे ह्यांच्याकडे तो कोण होता ते."

पत्रकात घालू का विचारलं तर लाजली. नाव न घालता घालते.

१९ फेब्रुवारी

वाईट दिवस. इंग्रज बाजूची ११२ छायाचित्रं चुकीच्या फोल्डरमध्ये 'डच' म्हणून गेली होती, आणि मी त्यावरून दोन रेखाटनं पूर्णही केली होती. चूक माझी, रात्री अकरानंतर नावं देत होते. सुळक्यांच्या शेंड्यांवरून उलगडा झाला. त्यातल्या एका छायाचित्रात पतंग होता, म्हणजे ते उत्तरायणाच्या लगेच नंतरचं; डच बाजू मी २१ तारखेच्या आधी पाहिलीच नव्हती. पतंगानं वाचवलं. ह्यापुढे प्रत्येक फोटोत पट्टी आणि पाटी ठेवायची. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, बरं का.

२४ फेब्रुवारी

शब्दांचं भांडण. पत्रकात ह्या वास्तूंना म्हणायचं काय? 'थडगं' म्हटलं की तोंडात जरा उपमर्द येतो, आणि दोन मजली घुमटाला ते शोभतही नाही. 'समाधी' संतांची, राजांची. कंपनीच्या नोकराला ती लावली तर उद्या कोणीतरी नारळ घेऊन येईल. (यायला हरकत नाही, पण.) 'छत्री' सुंदर शब्द, राजपूत-मराठे दोघांचा, पण तिथे दहन झालेलं असतं, खाली देह नसतो. 'मकबरा' आकाराला चपखल बसतो आणि आत ख्रिस्ती माणूस आहे हे लपवतो. 'कबर' बरोबर आहे, पण ती घुमटाखालच्या चौथऱ्याला.

चौकीदारकाका सहज 'गोरानो मकबरो' म्हणतात. कोणाच्याही मनात गोंधळ होत नाही. शब्दात घुमटही आला आणि गोराही आला. मी पंधरा दिवस पाचव्या रकान्यात जे लिहितेय ते काकांच्या दोन शब्दांत आहे. ठरलं: वास्तूला 'मकबरा', आतल्या दगडी चौथऱ्याला 'कबर', लेखाच्या दगडाला 'शिळा'. शीर्षकात 'दफनभूमी'. माझी एक ज्येष्ठ मैत्रीण संपादन करतेय, ती 'स्मारक' घाल म्हणून अडून बसली आहे. 'स्मारक' म्हटलं की मला उद्घाटनाची फीत दिसते.

१ मार्च

कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीवर एक चौकट पत्रकात असावी, असा आग्रह आला. जागा १७६७ ची, म्हणजे सुरतेहून शंभर वर्षं पुढची. तिथे इंग्रज आता कोणाला विचारून राहत नव्हते, आणि थडग्यांचा आकार बदलला: पिरॅमिड, ओबेलिस्क (वर निमुळता होत जाणारा चौकोनी खांब), ग्रीक मंडप. संस्कृत-पंडित विल्यम जोन्सचा (१७९४) उंच ओबेलिस्क आहे. मुघलांचा घुमट मागे पडला, कारण ज्याला दाखवायचं तो मुघलच तिथे सत्तेवर उरला नव्हता. ठळक अपवाद एक, चार्ल्स स्टुअर्ट, ज्याला लोक 'हिंदू स्टुअर्ट' म्हणत. १८२८ साली वारला, आणि त्याचं थडगं देवळासारखं. पाचवा रकाना: हे त्यानं बहुतेक स्वतःसाठीच.

चौकट १२० शब्दांत बसवली. नाइलाजानं.

७ मार्च

कच्च्या पत्रकाच्या दहा झेरॉक्स काढून दफनभूमीत नेल्या. अण्णाही आले, काठी घेऊन, पहिल्यांदाच. जिन्यापाशी थांबले, वर चढले नाहीत. ख्रिस्तोफरची शिळा कुठली ते विचारलं आणि तिच्यासमोर चष्मा पुसून उभे राहिले. लॅटिन वाचता येत नाही, तरी बोट ओळींवरून फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत नेलं, वहीची बेरीज तपासतात तसं. मग खिशातून पेन काढून माझ्या झेरॉक्सवर 'सोबती'च्या खाली रेघ मारली. "हा शब्द ठळक छाप."

पत्रक वाचणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकानं, म्हणजे चौकीदारकाकांनी, दोन्ही बाजू उलटून बघितल्या आणि विचारलं की मागच्या पानावर गुजराती का नाही. इथे रोज येणारे सगळे गुजरातीच वाचतात. पाचवा रकाना काढून महिना झाला, आणि पत्रक कोणी बघावं म्हणून, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

मागचं पान रिकामं करायचं ठरलं. कोलकात्याची चौकट गेली. विद्यार्थिनी भाषांतर करेल, काका तपासतील. छपाईवाल्याला फोन करून थांबवलं. उद्या शिडी आणायची, वरच्या घुमटाच्या कमानी जिथे छेदतात तिथलं माप अजून घ्यायचं राहिलंय, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे एक पतंगही आहे.